एसएसडी कधी दिसते, कधी गायब होते: लॅपटॉपच्या या दुखण्याचं मूळ शोधताना

एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधली विंडोज आणि सगळ्या फायली साठवणारी चिप्सची डिस्क, अधूनमधून गायब होऊ लागली की लक्षणं अशी असतात. लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ असा संदेश येतो. बंद करून पुन्हा चालू केला की विंडोज काही झालंच नाही अशा थाटात उघडते. चार दिवस सुरळीत जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोच संदेश.

कधी बिघाड काम चालू असताना येतो. माउस हलतो, पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही. मिनिटभराने निळा पडदा येतो आणि त्यावर ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ किंवा ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मग लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होऊन थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन बसतो, कारण बूट करायला, म्हणजे ज्यावरून चालू व्हायचं असं, त्याला काही सापडतच नाही.

हे दुखणं माझ्याकडे सारखं येतं. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न मी एकच विचारतो: एसएसडी नेमकी कधी गायब होते? कारण प्रत्येक कारणाची आपली अशी एक सवय असते. रीस्टार्ट केल्यावर दिसत नाही पण पूर्ण बंद करून चालू केल्यावर दिसते, हे एक. स्लीपमधून उठवल्यावर गायब, हे दुसरं. तासभर वापरून लॅपटॉप तापला की जाते आणि गार झाला की येते, हे तिसरं. पिशवीतून काढल्यावर, झाकण उघडताना किंवा एका कोपऱ्याने उचलल्यावर जाते, हे चौथं. पाचवा प्रकार असा की कशाचाच कशाशी संबंध लागत नाही. तो बहुतेक वेळा नोंद न ठेवल्यामुळे तसा वाटतो. म्हणून एक कागद घ्या आणि दर वेळी चार गोष्टी लिहा: किती वाजता झालं, लॅपटॉप गरम होता की गार, चार्जर लावलेला होता का, आणि त्याआधी काय केलं होतं. चार-पाच नोंदी झाल्या की अर्धं निदान झालेलं असतं.

सगळ्यात आधी बॅकअप

एसएसडी परत दिसू लागली याचा अर्थ ती बरी झाली असा नाही. बॅकअप घ्यायची संधी मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या हार्ड डिस्क मरण्याआधी निदान खडखडायच्या. एसएसडी बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. एका सकाळी ती दिसत नाही आणि पुन्हा कधीच दिसत नाही. तेव्हा पुढची कुठलीही तपासणी करण्याआधी, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी बाहेर काढा: कागदपत्रं, फोटो, हिशेबाच्या फायली. सिनेमे आणि सॉफ्टवेअर शेवटी. तापल्यावर जाणारी एसएसडी असेल तर सगळं एका दमात कॉपी करू नका. सलग मोठी कॉपी लावली की ती तापते आणि मध्येच निघून जाते. थोडं कॉपी करा, थांबा, पुन्हा करा.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची. विंडोजच्या कितीतरी लॅपटॉपवर डिस्क अशी कुलूपबंद (एन्क्रिप्ट) झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसची सेटिंग बदलली किंवा एसएसडी दुसऱ्या यंत्रात लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आत्ताच पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा. की नसेल तर दुकानातला कितीही हुशार माणूस तो डेटा उघडून देऊ शकत नाही.

बायोसला ती दिसते का?

या तपासणीला पैसे लागत नाहीत, आणि सगळ्यात जास्त फायदा हिचाच होतो. एफ २, एफ १०, डिलीट किंवा एस्केप, ज्या कळीने तुमच्या लॅपटॉपचा बायोस उघडतो ती वापरा आणि डिस्कची यादी पाहा. मात्र हे बिघाड झालेल्या क्षणी करायचं, सगळं ठीक चालू असताना नाही. आणि पॉवर बटण दाबून बंद न करता, काळ्या पडद्यावरून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून बायोसमध्ये शिरा. वीज तोडली की अडकलेली एसएसडी अनेकदा मोकळी होते, आणि पुरावा हातचा जातो.

यादीत एसएसडी आहे पण विंडोज चालू होत नाही, असं असेल तर दोष बूटच्या क्रमात किंवा विंडोजच्या फायलींमध्ये असण्याची शक्यता जास्त. तो रस्ता वेगळा आहे. यादीतच ती नसेल, तर विंडोजचा इथे काही दोष नाही, कारण विंडोज अजून सुरूच झालेली नाही. तरीही या टप्प्यावर विंडोज पुन्हा टाकणारे लोक मला फार भेटतात. नवीन विंडोज टाकल्यावर आठवडाभर लॅपटॉप चालतो (तो तसाही चालला असता) आणि दुरुस्ती झाली असं वाटतं. त्यात जुना डेटा मात्र पुसला गेलेला असतो.

पूर्ण वीज तोडून पाहा

विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद झाला असं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून अर्धवट झोपते. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तर पूर्ण बंद होते. त्यानंतर चार्जर काढा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. बॅटरी आत बसवलेली असेल तर काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ती तात्पुरती बंद करायचा पर्याय असतो.

याचं कारण असं की एसएसडीच्या आत तिचा स्वतःचा एक छोटा संगणक असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. तो अडकला की रीस्टार्टने सुटेलच असं नाही, कारण रीस्टार्टमध्ये स्लॉटची, म्हणजे एसएसडी बसते त्या खाचेची, वीज तुटतेच असं नाही. रीस्टार्टनंतर गायब आणि पूर्ण बंद केल्यावर हजर, या सवयीमागे बहुधा हेच असतं.

अचानक वीज गेल्यावर किंवा बटण दाबून जबरदस्तीने बंद केल्यावर एसएसडी गायब झाली असेल, तर आणखी एक करा. कुठला डेटा कोणत्या चिपच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवला आहे याचा तक्ता कंट्रोलर सांभाळतो. मध्येच वीज गेली की पुस्तकाची अनुक्रमणिका फाटावी तसं होतं: पानं शाबूत, पण काय कुठे आहे ते कळत नाही. कंट्रोलर तो तक्ता पुन्हा जुळवू शकतो, पण त्याला सलग वीज आणि वेळ लागतो. चार्जर लावून लॅपटॉप बायोसच्या पडद्यावर अर्धा तास तसाच सोडा, मग अर्धा मिनिट वीज तोडा आणि पुन्हा चालू करा. एकदा करून नाही आली तर आणखी एकदा करून पाहायला हरकत नाही. यातून ती परत आली तर लॅपटॉप अचानक का बंद पडला, हेही शोधा. बऱ्याचदा मूळ दुखणं थकलेल्या बॅटरीचं असतं.

तारीख आणि बायोसची सेटिंग

बिघाड होतो त्याच दिवशी घड्याळ चुकलेलं किंवा तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते का? तसं असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे. तो संपला की मुख्य बॅटरी पूर्ण उतरल्यावर बायोस आपली सेटिंग विसरतो. त्यात डिस्कशी बोलायची पद्धत ठरवणारा ‘साटा मोड’ ‘एएचसीआय’वरून ‘रेड’वर (RAID) जातो, किंवा इंटेलच्या नव्या प्रोसेसरवर तसाच व्हीएमडी नावाचा डिस्कचा पर्याय उलटा होतो. मग चांगली एसएसडीही बूट होत नाही. म्हणून सगळं ठीक चालू असतानाच बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि बिघाडाच्या वेळी तुलना करा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा सेल नसतो, हेही लक्षात असू द्या.

वीज वाचवायच्या सेटिंग

स्लीपनंतर किंवा लॅपटॉप नुसता पडून असताना एसएसडी जात असेल तर संशय इथे. एसएसडीला काही काम नसलं की तिला गाढ झोपवलं जातं, आणि काही जोड्यांमध्ये, म्हणजे ठरावीक एसएसडी आणि ठरावीक मदरबोर्ड यांच्यात, ती त्या झोपेतून वेळेत उठत नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेस या शीर्षकाखाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ असतं, ते ‘ऑफ’ करा. लिनक्सवर याच कामासाठी एपीएसटी नावाची सोय आहे. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सूचना देऊन ती बंद करता येते. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण निदान स्पष्ट होईल.

आता एक नियम, जो इथून पुढे सगळीकडे लागू आहे. एका वेळी एकच बदल करा आणि मग थांबा. किती थांबायचं? बिघाड साधारण जितक्या दिवसांनी येतो त्याच्या तिप्पट. तीन दिवसांनी येणारा बिघाड दोन दिवस आला नाही याला काही अर्थ नाही. नऊ-दहा दिवस आला नाही तर तो बदल कामी आला असं म्हणता येतं. एका संध्याकाळी पाच बदल केले तर लॅपटॉप कदाचित सुधारेल, पण कशामुळे ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

एसएसडी स्वतःबद्दल काय सांगते

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. वरचा ‘गुड’ हा शब्द वाचून थांबू नका. तो मुख्यतः साठवणुकीच्या चिप्सबद्दल सांगतो, सैल बसलेल्या कनेक्टरबद्दल नाही. मी तीन गोष्टी पाहतो.

साटा (जोडणीची जुनी पद्धत) एसएसडी असेल तर सीआरसी एररचा आकडा. डेटा वाटेत खराब झाला की तो वाढतो, आणि पुन्हा कधी खाली येत नाही. आज लिहून ठेवा, आठवड्याने पाहा. वाढत असेल तर केबल किंवा कनेक्टर धरा.

एनव्हीएमई (जोडणीची नवी, वेगवान पद्धत) असेल तर ‘ट्रान्सफर मोड’ची ओळ. तिथे दोन माप शेजारी शेजारी दिसतात: एक आत्ताचं, दुसरं कमाल. कमाल चार लेनचं (लेन म्हणजे डेटा जायची वाट) असताना आत्ता एक किंवा दोनच लेन दिसत असतील, तर स्लॉट मुळात दोन लेनचा आहे का ते आधी बघा. नसेल, तर काही संपर्कबिंदू नीट टेकत नाहीत, असं समजायला जागा आहे.

तिसरी गोष्ट ‘अनसेफ शटडाउन्स’. तुम्ही लॅपटॉप नेहमी नीट बंद करता आणि तरी हा आकडा चढतो आहे, याचा अर्थ एसएसडीची वीज मध्येच तुटते आहे.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, ११, १२९ आणि १५३ या क्रमांकांच्या नोंदी शोधा. ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, १२९ म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट करावं लागलं, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. मात्र ज्या डिस्कवर विंडोज आहे तीच गायब झाली तर नोंद लिहायची कुठे? म्हणून नेमक्या बिघाडाच्या क्षणी लॉग कोरा असतो आणि नंतर फक्त ४१ क्रमांकाची, अनपेक्षित रीस्टार्टची, नोंद सापडते. अशा वेळी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा आणि एसएसडी वापरात ठेवा. तिथे लॉग रॅममध्ये राहतो, त्यामुळे एसएसडी गेली तरी शेवटच्या ओळी वाचता येतात. लिनक्समध्ये ती कधीच जात नसेल, तर ड्रायव्हर किंवा वीज वाचवण्याच्या सेटिंगकडे पुन्हा वळा.

फर्मवेअर

कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरमध्येही दोष असतात, आणि ते खरोखर असंच वागतात. क्रूशलच्या एम ४ मालिकेतलं उदाहरण प्रसिद्ध आहे: एकूण ५,१८४ तास चालल्यावर ती एसएसडी प्रतिसाद देणं थांबवायची, रीस्टार्ट केल्यावर परत यायची आणि साधारण तासाभराने पुन्हा जायची. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या फर्मवेअरने ते थांबलं. तेव्हा एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं अपडेट आणि लॅपटॉपच्या बायोसचं अपडेट, दोन्ही पाहा. पण एसएसडी दर अर्ध्या तासाला जात असेल तर फर्मवेअर टाकायचं धाडस करू नका. टाकता टाकता ती गेली तर कायमची जाईल. आधी तिला स्थिर करा, मग अपडेट.

उष्णता

तापमानही क्रिस्टलडिस्कइन्फोमध्येच दिसतं. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडींची कामाची मर्यादा ७० अंश सेल्सियसच्या आसपास दिलेली असते. त्याच्या पुढे कंट्रोलर आधी वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर काम थांबवतो. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरत असाल तर कडक, सपाट जागेवर ठेवून पाहा. तेवढ्याने फरक पडला तर पंखा आणि जाळी साफ करून घ्या.

उघडायचं असेल तर

वॉरंटी चालू असेल तर इथे थांबा आणि सेवा केंद्रात न्या. उघडायचं ठरवलंच तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर, आणि खालचं झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. अंगावरची स्थिर वीज जाण्यासाठी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा. आत एसएसडी स्लॉटमध्ये नसून बोर्डवरच सोल्डर केलेली दिसली तर झाकण परत लावा. पुढचं काम तुमचं नाही.

एम.२ एसएसडी ही २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी असते. तिच्या टोकाशी जवळून पाहा. सोनेरी पट्ट्या स्लॉटच्या आत सारख्या गेल्या पाहिजेत. एका बाजूला केसभर जास्त सोनेरी दिसत असेल, तर पट्टी तिरपी बसली आहे. मग दुसरं टोक पाहा: स्क्रू आहे का? कुणीतरी कधीतरी एसएसडी बदलताना तो हरवलेला असतो आणि पट्टी चिकटपट्टीवर किंवा नुसत्या झाकणाच्या दाबावर टिकलेली असते. मी उघडलेल्या कितीतरी लॅपटॉपमध्ये सगळं दुखणं या एका बारीक स्क्रूचं निघालं. स्क्रू नसला की गरम-गार होताना पट्टी रोज किंचित हलते आणि एक दिवस संपर्क सुटतो. उलट, उष्णता वाहून नेणारी जाड गादी (थर्मल पॅड) लावल्यामुळे झाकण पट्टीला मधोमध वाकवतं, असंही होतं. पट्टी हलक्या हाताने काढा, तिरपी धरून पूर्ण आत सरकवा, खाली दाबा आणि स्क्रू टेकेपर्यंतच आवळा.

संपर्क पुसायचे तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. खोडरबर घासायचा सल्ला जागोजागी मिळतो. तो मला पटत नाही. सोन्याचा थर फार पातळ असतो आणि रबराचा भुसा स्लॉटमध्ये जाऊन बसतो.

अडीच इंची साटा एसएसडी असेल तर ती बहुधा एका चपट्या रिबन केबलने मदरबोर्डला जोडलेली असते. केबल जिथे दुमडते तिथे पांढुरकी रेघ किंवा चुरगळ दिसली की ती बदलाच. उचलल्यावर किंवा झाकण उघडताना जाणाऱ्या एसएसडीमागे ही केबल वारंवार सापडते. सुटा भाग मागवताना तुमच्या मॉडेलचाच भाग क्रमांक पाहा.

अदलाबदल

एवढं करूनही जात असेल तर प्रश्न उरतो एकच: दोष एसएसडीत की मदरबोर्डात? लॅपटॉपला दुसरा एम.२ स्लॉट असेल तर त्यात लावून पाहा. नसेल तर एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत, घाला. एनव्हीएमई आणि साटा यांची एन्क्लोजर वेगळी असतात, घेताना पाहून घ्या. तिथेही ती गायब होत असेल तर दोष तिचाच, बदलून टाका. तिथे मात्र नीट चालली तर ती निर्दोष ठरली असं समजू नका, कारण एन्क्लोजरमध्ये वेग कमी असतो आणि लॅपटॉपच्या पोटातली उष्णता नसते. खरा निकाल उलट चाचणीने लागतो: चांगली चालणारी दुसरी एसएसडी त्याच स्लॉटमध्ये लावा आणि तिप्पट दिवस थांबा. तीही गेली तर स्लॉट, त्याचा वीजपुरवठा किंवा बोर्डावरचा सांधा बिघडला आहे.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

डेटा मौल्यवान आहे, बॅकअप नाही आणि एसएसडी दिवसेंदिवस कमी वेळ टिकते आहे, तर पुढची एकही चाचणी करू नका. लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. ती प्रत्येक वेळी चालू करताना उरलेल्या संधींतली एक खर्च होते.

बायोसमध्ये एसएसडीचं नावच बदललेलं दिसलं, उदाहरणार्थ ‘साटाफर्म एस ११’, किंवा शेकडो जीबीच्या जागी काही एमबी दिसले, तर कंट्रोलर आपलं फर्मवेअर किंवा तो तक्ता वाचू शकत नाही. अशा वेळी विंडोज ‘इनिशियलाइज’ करायला, म्हणजे कोरी समजून नव्याने तयार करायला, विचारेल, नाही म्हणा. फॉरमॅट नको, चेक डिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) हीही नको. डळमळत्या डिस्कवर चेक डिस्क चालवलं तर वाचता येणाऱ्या फायलींचीही वाट लागू शकते.

दोष मदरबोर्डात निघाला तर सोल्डरिंगचं काम योग्य साधनं असलेल्यालाच करू द्या. हीट गनने शेकणं किंवा एसएसडी फ्रीजरमध्ये ठेवणं हे उपाय करू नका. शेकल्याने तुटका सांधा थोडे दिवस जुळल्यासारखा वाटतो, शेजारचे चार सांधे मात्र कमजोर होतात. फ्रीजरमधून काढल्यावर पट्टीवर दव धरतं. जळका वास आला, बॅटरी फुगलेली दिसली किंवा एसएसडी हाताला चटका बसण्याइतकी तापली, तर लगेच वीज तोडा.

दुकानात देताना नोंदींचा तो कागद सोबत द्या आणि काय काय करून झालं आहे ते सांगा. अधूनमधून येणारा बिघाड दुकानात नेमका येत नाही. कागद नसेल तर तासभर चालवून ‘काही दोष नाही’ म्हणून लॅपटॉप परत मिळतो. बॅकअप नसेल तर ‘माझ्या परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये’ हे पावतीवर लिहून घ्या, आणि बदललेली जुनी एसएसडी परत मागून घ्या. तिच्यात तुमचा डेटा आहे.